टकल्या

"चोरी झाली असणार, बाई," पिंगळे म्हणाला. "भुरटे चोर फार झालेत हल्ली."

मी माझ्या सत्तावीस नंबरच्या वाफ्यात उभी होते आणि झाडांवर एकही लाल फळ शिल्लक नव्हतं. काल संध्याकाळी हीच झाडं नुसती लगडलेली होती. आता कच्ची हिरवी फळं तेवढी उरलेली, बाकी सगळी झाडं ओकीबोकी. आणि तेही नेमकं आज, निवड समिती यायच्या दिवशी.

"चोर कात्री घेऊन येतो का रे?" मी विचारलं.

"कात्री?"

"हे बघ, देठ कापलाय. तिरपा, स्वच्छ. माझ्या टोमॅटोला नुसता हात लावला की तो हातात येतो, हे अख्ख्या केंद्राला माहीत आहे. मग तुझ्या भुरट्या चोराला कात्रीचा उपद्व्याप कशाला हवा होता?"

पिंगळे बुटाचा चिखल झटकायला लागला. बुटाला चिखल नव्हता. "सरांची गाडी येईल, मी फाटकावर जातो," म्हणत तो सटकला.

हा पिंगळे आमचे केंद्रप्रमुख डॉ. खासनीस यांचा उजवा हात, आणि खरं सांगायचं तर डावाही. त्याच्याकडे एमएस्सीची पदवी होती, पण तिचा उपयोग त्यानं सरांची बॅग उचलण्यापलीकडे कधी केला नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, एवढंच शास्त्र त्याला पक्कं ठाऊक. आणि त्याला पोळीही भरपूर मिळायची.

खासनीसांबद्दल काय सांगू! वडजाईच्या आमच्या भाजीपाला संशोधन केंद्राचे ते प्रमुख, आणि 'कुबेर' या टोमॅटोचे जनक. शेतात ते फक्त पाहुणे आले की यायचे. डोक्यावर तपकिरी फेल्ट हॅट, ऊन असो नसो, कचेरीत असो नाहीतर लग्नात. हॅटखाली तुळतुळीत टक्कल होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, माझ्या वडिलांनाही होतं. पण खासनीसांना त्याची एवढी लाज की 'केस' हा शब्द कोर्टाच्या बाबतीत काढला तरी ते दचकायचे.

पंचाईत अशी की माझ्या सत्तावीस नंबरला केंद्रातल्या सगळ्यांनी नाव ठेवलं होतं 'टकल्या'. खासनीस जवळ असले की सगळे 'सत्तावीस' म्हणायचे, पाठ वळली की 'टकल्या'.

टकल्या का, ते सांगते. नेहमीच्या टोमॅटोच्या देठाला मधोमध एक गाठ असते, बोटाच्या पेरासारखी. फळ तोडलं की देठ तिथेच कट्‌कन मोडतो आणि हिरवी टोपी फळाबरोबर येते. दिसायला छान. पण त्या टोपीवरचं देठाचं टोक क्रेटमध्ये शेजारच्या फळाला टोचतं, आणि माल दिल्लीला पोचेपर्यंत क्रेटचा रस्सा होतो. माझ्या सत्तावीसच्या देठाला गाठच नव्हती. फळ ओढलं की ते एकटंच हातात यायचं, गुळगुळीत, आणि टोपी झाडालाच राहायची.

हा बिनगाठीचा गुण मी एका रानटी टोमॅटोकडून आणला. पण गुण कधी एकटा येत नाही, खोड घेऊन येतो. आपल्या जुन्या झाडांत मोठ्या टोपीचा एक गुण आधीपासून होता, त्यानं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. हे दोघे एका झाडात आले मात्र, घोसाला केरसुणीसारखे फाटे फुटायला लागले. फुलंच फुलं, आणि फळाच्या नावानं शंख. दोघंही आपापल्या जागी गुणी, पण एका घरात नांदवले की घर बुडालं. हे कळायला जनुकशास्त्र कशाला लागतं, कुठल्याही घरात डोकावून बघा.

मी हंगामामागून हंगाम एकच शोधत राहिले, हे भांडण कुठल्या झाडात मिटलंय. कधीकधी घरात तिसरं कुणीतरी असतं, दोघांनाही गप्प बसवणारं. तसं तिसरं जनुक मला सत्तावीस नंबरच्या ओळीत सापडलं. आणि घर शांत झालं तसं ते झाड कशालाच भीक घालेना. ऊन असो, पाणी कमी असो, खत उशिरा पडो, ते आपलं ठरलेलं देणार. चांगल्या वर्षी फार नाही, वाईट वर्षी कमी नाही.

कुबेर याच्या उलट. सगळं वेळेवर मिळालं तर असा लागायचा की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. पण जरा उन्हाची झळ लागली की सगळी फुलं गाळून रिकामा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आणि आमच्याकडच्या शेतकऱ्याला सगळं वेळेवर कधी मिळालंय?

तरी कागदावर कुबेर पहिला होता. कसा, तर जिथे जिथे पीक गेलं ते प्लॉट खासनीसांनी सरासरीतून काढूनच टाकले. "गेलेला प्लॉट धरायचा नसतो, बाई. तो अपघात," असं ते मला भर बैठकीत म्हणाले होते. आमचे संख्याशास्त्रज्ञ रझाक तांबोळी तेव्हा शांतपणे बोलले होते, "साहेब, पोरानं अवघड पेपरला दांडी मारायची आणि उरलेल्या पेपरांत पहिला नंबर काढायचा, याला आमच्या मोहल्ल्यात हुशार म्हणत नाहीत."

"तांबोळी, तुम्ही आकडे बघा, शेती आम्ही बघतो," खासनीस म्हणाले. शेती बघतात म्हणे! उंटावरचा शहाणा परवडला, तो निदान उंटापर्यंत तरी चालत जातो.

आज समिती दोन्ही वाण शेतात बघून एकच निवडणार होती. निवडलेला राज्यभर चाचणीला जाणार, आणि दुसरा उपटायचा, कारण त्या जागेवर खासनीसांना जरबेराच्या फुलांचं हरितगृह उभारायचं होतं. डबीतलं मूठभर बी काही वर्षांत मरतं, वाण जगवायचा तर जमीन लागते. आज टकल्या हरला असता तर तो कायमचा गेला असता. माझ्या तारुण्याची सगळी वर्षं त्या वाफ्यात गेली होती, आणि मी उघड्या झाडांकडे बघत उभी होते.

कात्रीचं काही डोक्यातून जाईना. देठ कुणाला लागतो? ज्याला फळ टांगायचं असतं त्याला. मी तडक कुबेरच्या वाफ्याकडे निघाले.

गेल्या आठवड्यात तिथे उन्हानं खाली फुलांचा सडा पडला होता. आज झाडं लाललाल. मी एका घोसाजवळ वाकले. प्रत्येक फळाच्या देठाला हिरवा दोरा, आणि दोऱ्याचं दुसरं टोक फांदीला. संकर केलेल्या फुलाला खूण म्हणून आम्ही बांधतो तोच दोरा, आमच्याच भांडारातला. अगदी सुबक गाठी मारल्या होत्या. इतकं नीटनेटकं काम पिंगळेनं नोकरीत पहिल्यांदाच केलं असेल.

तांबोळी मागून आले. मी त्यांना दोरा दाखवला. ते बघतच राहिले. "या अल्ला! हे तर लग्नाचं तोरण झालं."

"मी आत्ता जाऊन खासनीसांची हॅट उडवते," मी म्हणाले.

"बाई, ओरडू नका. तुम्ही म्हणाल चोरी, ते म्हणतील घोस जड झाले म्हणून आधार दिला. पिंगळे शपथ घेईल. तुमच्याकडे पुरावा काय?"

मी त्या टांगलेल्या फळाच्या देठावरून बोट फिरवलं. सरळ, गुळगुळीत, कुठेही गाठ नाही.

"पुरावा टांगलेलाच आहे, तांबोळीसाहेब. तोडणारा पाहिजे."

ते समजले आणि लगेच हिरमुसले. "पण समिती तोडत नाही हो. समिती बघते, मान हलवते आणि जेवायला जाते. आजवर कुणी वाकलंय का?"

"समितीला कशाला वाकवायचं?" मी म्हणाले.

गाड्या आल्या. समितीचे अध्यक्ष डॉ. ग्रेगरी आल्मेडा, वसईचे. घरची वाडी असलेले, मातीत वाढलेले, पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट घातलेले गृहस्थ. त्यांच्याबद्दल आम्ही एवढंच ऐकून होतो की खिशात मिठाची पुडी असते. बाकीची मंडळी नेहमीसारखी, उन्हाला कंटाळलेली आणि जेवणाची वाट बघणारी.

खासनीसांनी आधी त्यांना माझ्या वाफ्यावर आणलं. हातातली छडी झाडांकडे करून म्हणाले, "हा सत्तावीस. बाईंनी मेहनत खूप घेतली, त्याबद्दल वाद नाही. पण आपण बघतच आहात. ऐन हंगामात ही अवस्था."

"फळं कुठायत, बाई?" आल्मेडांनी विचारलं.

जिभेवर सगळं आलं होतं. मी ते गिळलं. "आज इथे नाहीत, सर. पुढे दिसतील."

"पुढे म्हणजे पुढच्या हंगामात!" खासनीस हसले. पाहुणेही हसले. तो हशा मला अजून आठवतो. कुणाच्या पोरीला भर मांडवात नाकारावं तशी मी उभी होते.

मग स्वारी कुबेरकडे. खासनीसांचा आवाज चढला. "बघा! एवढ्या उन्हात, अशी फळं! याला म्हणतात स्थिर उत्पादन." हा 'स्थिर' शब्दही माझ्या अहवालातला. फळं चोरली ती चोरलीच, शब्दसुद्धा सोडला नाही मेल्यानं.

"वा," एक पाहुणा म्हणाला. दुसऱ्यानं मान हलवली. आल्मेडा मात्र झाडाच्या शेंड्याकडे बघत होते, जिथे एकही फूल नव्हतं. पिंगळे सगळ्यांना रस्त्याच्या बाजूनंच चालवत होता. "इकडून, सर, तिकडे ठिबकच्या नळ्या आहेत."

मी पुढे झाले. आवाज इतका मऊ केला की तांबोळींनी चमकून बघितलं.

"सर, कुबेरचा तो टोपीचा गुण समितीला दाखवा ना. आपण प्रस्तावात केवढं छान लिहिलंय."

खासनीस खुलले. त्यांना वाटलं, बाई अखेर वठणीवर आल्या. "हां, ते राहिलंच! हे बघा, कुबेरच्या देठाला गाठ आहे. तोडताना फळ टोपीसकट येतं. बाजारात ताजं दिसतं. नाहीतर काही वाणांची फळं" — त्यांनी माझ्याकडे बघितलं — "अगदी उघडीबोडकी येतात. गिऱ्हाईक हात लावत नाही."

"सर, चहा तयार आहे," पिंगळे मध्येच म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"थांब रे."

"सर, ऊन वाढलंय, अध्यक्षांना त्रास..."

"मला काही त्रास नाही," आल्मेडा म्हणाले. "दाखवा, खासनीस."

मला तेव्हाच कळलं की खासनीसांना काहीच माहीत नाही. त्यांनी पिंगळेला सांगितलं असणार, झाडं भरलेली दिसली पाहिजेत. कशी आणि कुणाच्या वाफ्यातून, ते विचारलं नाही. साहेबानं विचारायचं नाही आणि पिंगळेनं सांगायचं नाही, अशीच आमच्याकडची रीत. सगळा कारभार याच रीतीनं चालायचा.

खासनीसांनी छडी काखेत धरली, बाही सावरली आणि सगळ्यांत मोठं फळ धरून ऐटीत ओढलं.

फळ हातात आलं. गुळगुळीत. आणि हिरव्या दोऱ्याला लटकलेली टोपी मागे झोके घेत राहिली.

खासनीस हातातल्या फळाकडे बघत होते. आल्मेडांनी चष्मा वर केला, दोरा बघितला, टोपी बघितली, आणि अगदी साधेपणानं म्हणाले, "खासनीस, तुमची टोपी राहिली की."

आणि खासनीसांचा हात चटकन डोक्याकडे गेला! हॅट जागेवर आहे ना, ते त्यांनी चाचपून बघितलं.

तांबोळी खोकल्याचं सोंग करत पाठमोरे झाले. एक पाहुणा फिस्‌कन हसला आणि मग सगळेच हसले. मला हसू आलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खवखव झाली होती एकट्या पिंगळेला. खासनीस नुसते गोंधळलेले होते, आणि त्या गोंधळातच त्यांनी दुसरं फळ ओढलं. तेही टकलं. मग तिसरं. माणूस किती ढ असावा!

"पुरे," आल्मेडा म्हणाले. त्यांनी खासनीसांच्या हातातलं एक फळ घेतलं, खिशातून पुडी काढली, मीठ लावलं आणि उभ्या उभ्या खाल्लं. मग माझ्याकडे वळले.

"हे कुठल्या झाडाचं, बाई?"

"चला, दाखवते."

मी त्यांना माझ्या वाफ्यात नेलं. कापलेले देठ दाखवले, त्यातल्या एकावरही गाठ नव्हती. ते खाली बसले, खरंच मातीत बसले, पँटची पर्वा न करता. एकेक देठ बघितला. कच्च्या फळांचे घोस हातात धरून बघितले. उठले तेव्हा त्यांच्या आवाजातला साधेपणा गेला होता.

"म्हणजे कुबेराच्या घरी दारिद्र्य, म्हणून इथे दरोडा. एवढ्या उन्हात फळ धरलंय कुणी? ह्यानं. चाचणीला हा जाईल."

मला वाटलं, आता तरी खासनीसांची जीभ टाळ्याला चिकटेल. कसलं काय! हॅट सरळ करत ते म्हणाले, "दोन्ही आमच्याच केंद्राची लेकरं, सर. शेवटी मार्गदर्शन माझंच."

मग मंडळी जेवायला गेली. चौकशी? छे हो! कोंबडी-वडे झाले, पान झालं, आणि खासनीसांनी आल्मेडांना गाडीपर्यंत पोचवलं. पिंगळेची बदली उंदीर नियंत्रण प्रकल्पावर झाली आणि पुढच्या दिवाळीला तो बढती घेऊन परत आला.

पण टकल्या वाचला. राज्यभर फिरला. कोकणात, मराठवाड्यात, खानदेशच्या भट्टीत. जिथे गेला तिथे तेवढाच लागला. तांबोळी आकडे आणून माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बाई, रेघ बघा, जमिनीवर झोपलेल्या माणसासारखी सपाट." गेलेले प्लॉट काढायचा प्रश्नच आला नाही, कारण एकही प्लॉट गेला नाही.

मग वाण प्रसारित झाला, आणि त्याचा प्रस्ताव मी वाचला. नाव 'कुबेर सुवर्ण'. वाण विकसित करणारे, डॉ. खासनीस. सोबत पिंगळे. आणि शेवटी, "यांचेही सहकार्य लाभले" अशा ओळीत, डुंबरे बाई. म्हणजे मी. आयत्या बिळावर नागोबा! मी त्या दिवशी प्रयोगशाळेचं दार लावून रडले. रागानं रडले, दुःखानं नव्हे, आणि डोळे पुसले तेव्हा राग तसाच होता.

"तक्रार करा," तांबोळी म्हणाले.

"कुणाकडे? खासनीसांमार्फतच करावी लागेल ना?"

मग मी एकच केलं. बी वाटायला मला गावोगाव पाठवायचे, कारण खासनीसांना धूळ सोसत नसे. शेतकरी विचारायचे, "बाई, याचं नाव काय?" मी सांगायची, "कागदावर कुबेर सुवर्ण. पण आमच्याकडे सगळे टकल्या म्हणतात, टोपी येत नाही ना, म्हणून."

"आणि काढला कुणी?"

"खासनीससाहेबांनी," मी म्हणायची. कागदावर तेच होतं. सरकारी कागदाला मी कशाला खोटं पाडू?

पुढचं लोकांनीच केलं. दोन हंगामांत मार्केट यार्डात लिलाव पुकारायला लागले, "आला, खासनीसाचा टकल्या आला!" आडत्यांच्या पाट्यांवर तेच. रोपवाटिकेच्या भिंतीवर, हातभर अक्षरांत, 'येथे अस्सल खासनीस टकल्या मिळेल'. बनावट बी विकणारा एक निघाला, त्यानं जाहिरातीत लिहिलं, 'खासनीसपेक्षा जास्त टकल्या'. तांबोळींनी ते कात्रण कितीतरी वर्षं पाकिटात ठेवलं होतं.

खासनीसांच्या निवृत्तीला मोठा समारंभ झाला. मी तिसऱ्या रांगेत होते. भाषणं चालू असताना बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला आणि पन्नासएक शेतकरी आत शिरले, गुलाल लावून, हलगी वाजवत. दोघांनी मोठा फलक धरला होता, 'टकल्याचे जनक डॉ. खासनीस यांना समस्त टोमॅटो उत्पादकांचा मुजरा'. त्यात थट्टेचा लवलेश नव्हता. त्या टोमॅटोवर त्यांची घरं उभी राहिली होती, आणि ते मनापासून आले होते.

पुढचा म्हातारा मंचावर चढला. त्यानं पिशवीतून भगवा फेटा काढला आणि आदबीनं, दोन्ही हातांनी, खासनीसांची हॅट उतरवून बाजूला ठेवली. मंचावरचे दिवे प्रखर होते. मग मागून कुणीतरी श्रद्धेनं ओरडलं, "खासनीससाहेबांचा टकल्या...!"

"झिंदाबाद!" सगळे म्हणाले.

म्हातारा डोळे पुसत फेटा बांधत होता. "साहेब, तुमचं नाव आमच्या नातवंडांच्या तोंडी राहणार बघा," तो म्हणाला.

फेट्याखालून खासनीसांनी समोर बघितलं. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली, आणि मला वाटतं, तेव्हा कुठे त्यांना समजलं.

मी उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या, अगदी तळहात लाल होईपर्यंत.